साधं सामान कुठं ठेवायचं

आमच्या बिछायतीच्या दुकानाची पायरी चढून कोणी वर आलं, की समजायचं लग्न आहे, बारसं आहे, नाहीतर पुढाऱ्याची सभा. पायरी न चढता कोणी खालीच रस्त्यावर उभं राहिलं, तेही दुकानाकडं पाठ करून, की समजायचं याच्या घरी मयत झाली आहे. सुतकातला माणूस मंगलकार्याच्या दुकानात पाय घालत नाही. हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं आणि आमच्या पाटीवरही लिहिलेलं नव्हतं. तो येऊन उभा राहतो, आणि आपण उठून खाली जायचं असतं.

मी आर्वीत या दुकानावर आलो तेव्हा मिशी नीट फुटली नव्हती, आता मिशीला काळं करायचं सोडून दिलं आहे. दुकानही आता दुकान राहिलं नाही, त्याला ग्रुप म्हणतात. माझी शाळा सहावीत सुटली. लिहायची सवय म्हणाल तर बल्ल्यांवर, म्हणजे मंडपाच्या खांबांवर, खडूनं खुणा करण्यापुरती. पण या अंकाचे एक साहेब इथं लग्नाला आले होते, जेवताना मी त्यांना मंडपाच्या चार गोष्टी सांगितल्या, आणि ते म्हणाले, "हे असंच लिहून द्या." बसलो लिहायला. पण सारखं उठावंसं वाटतं. मंडपवाल्याची ही खोडच आहे, कुठं निवांत बसता येत नाही. जेवताना सुद्धा नजर वर जाते, कुठला दोर ढिला तर नाही ना.

बिछायत म्हटलं की लोकांना सतरंज्या दिसतात. खरं तर आमचं काम म्हणजे अर्ध्या दिवसात घर मोठं करून देणं. बल्ल्या रोवायच्या, वर चांदणी ताणायची, बाजूनं कनाती लावायच्या. आणि वर्धा जिल्ह्यातलं ऊन ज्यानं खाल्लंय त्याला सांगायला नको, की सावली ही इथं सजावट नसते. ती औषधासारखी असते, वेळेवर लागते. उन्हाळ्यात दुपारनंतर वावधन सुटतं, म्हणजे धूळ उडवत गरगरत येणारा वारा. नवा कामगार भीतीनं सगळे दोर करकचून आवळतो. मग कापड फाटतं, नाहीतर बल्ली उपटून कोणाच्या तरी डोक्यात बसते. म्हणून वाऱ्याच्या तोंडाची एक बाजू सरकगाठीनं बांधायची. वारा आला की ती बाजू सुटते, मंडप जरा फडफडतो आणि जागेवर राहतो. हे मला काकाजींनी शिकवलं. काकाजी म्हणजे आमचे मालक. अख्खं गाव त्यांना काकाजीच म्हणायचं, त्यांचे व्याहीसुद्धा.

गिऱ्हाइकं एकेक असायची. नाचणगावचे एक निवृत्त मास्तर धाकट्या मुलीच्या लग्नाला मंडप सांगायला आले. काकाजींचे नातेवाईक त्या गावात असल्यामुळं ते इतक्या लांबचं काम घ्यायचे. मास्तर कागदावर आकृती काढून घेऊनच आले होते. म्हणाले, "व्याह्यांची पंगत अशी बसवा की ऊन बराबर त्यांच्या ताटात आलं पायजे. मोठीच्या लग्नात मले यांनीच उन्हात उभं ठेवलं होतं." काकाजींनी कागद नीट पाहिला आणि म्हणाले, "मास्तर, ऊन सरकते. पंगतीले उशीर झाला त थे तुमच्याच ताटात येईन." मास्तरांनी आपली आकृती पुन्हा एकदा पाहिली. मग कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "मंग सगळ्याईले सावली द्या."

मी मूळचा कोल्हापूरच्या पार खालचा, चंदगडकडचा. इकडं लोकांना ते सांगून उपयोग नसतो. अमरावतीच्या पलीकडलं सगळं यांच्या लेखी पुण्याकडचं, म्हणून मीही पुण्याकडचाच. आमच्या गावचा बाबूमामा आकाशपाळण्यावर काम करायचा. पाळणा गावोगावच्या यात्रांतून फिरायचा आणि शाळा सोडल्यावर मी त्याच्याबरोबर निघालो. फिरत फिरत इकडं आलो, आणि आर्वीच्या मुक्कामात बाबूमामा तापानं गेला. पाळण्याच्या मालकाला पुढची यात्रा गाठायची होती, तो पाळणा खोलून निघून गेला. सरकारी दवाखान्याच्या मागं एका झाडाखाली बाबूमामा आणि मी, एवढेच उरलो.

मला पायरीचं वगैरे काही ठाऊक नव्हतं. मी रस्त्यानं तिरडीला दोर नाहीतर बांबू मिळतो का बघत फिरत होतो, आणि दमून या दुकानासमोर रस्त्याकडं तोंड करून थांबलो. आतनं एक जाडजूड माणूस उठून खाली आला आणि त्यानं एकच शब्द विचारला, "कुठी?"

मी हातानं दाखवलं. पुढं काही विचारलं नाही. हातगाडीवर ताडपत्री आली, सतरंजी आली, बाकं आली, पाण्याचा ड्रम आला. मी म्हणालो, मालक, बसायला कोणी नाही, मी एकटाच आहे. काकाजी म्हणाले, "एकट्यालेबी सावली लागते." मग बाकं रिकामी दिसू नयेत म्हणून स्वतः एका बाकावर बसले आणि बरोबरच्या गड्यांना म्हणाले, "उभे काऊन राह्यले? बसा." ते सगळे अनोळखी लोक बाबूमामासाठी गप्प बसून राहिले. नंतर मी तिथून कुठं गेलोच नाही. माझ्या पोटात आजवर जे अन्न गेलं, ते त्या हातगाडीमागून चालत आलेलं आहे, असं मी मानतो.

या कामाचं सामान वेगळं असायचं. बिनकाठाच्या करड्या सतरंज्या, रंग न दिलेली बाकं, कोरी ताडपत्री. त्याला आम्ही साधं सामान म्हणायचो. लग्नात ते कधी जायचं नाही आणि लग्नाचं तिकडं जायचं नाही. भाडं नाही, आणि परत आल्यावर मोजून घ्यायचं नाही. कोण जाणार हेही ठरलेलं नसायचं. जो हाताशी असेल तो निघाला. झालर लावणारा असो की हिशेब लिहिणारा, हातातलं खाली ठेवायचं आणि निघायचं.

एकदा मात्र साधं सामान आधीच दोन घरी गेलेलं होतं, आणि तिसरा माणूस खाली येऊन उभा राहिला. त्याच्याच गल्लीत आमचं लग्न मांडलेलं. काकाजी तिथं गेले आणि लग्नाच्या मंडपातली बाकं उचलायला लावली. मुलीचा बाप धावत आला. "काकाजी, बाकं काऊन उचलून राह्यले? माहे पाहुणे का उभे राहतीन?"

"तुमचे पाहुणे उभे राह्यले त नाचतीन," काकाजी म्हणाले, "त्यांचे उभे राह्यले त पडतीन."

बापानं स्वतःच एका बाकाचं टोक धरलं. लग्नाची बाकं मयतीला न्यायची नाहीत हा नियम आमचाच, आणि तो काकाजींनी मोडला. परत आल्यावर ती बाकं त्यांनी लग्नाच्या सामानात ठेवू दिली नाहीत, साध्या सामानातच टाकली. साध्यातली बाकं वाढली ती अशी.

आता ग्रुपचं सांगतो. इथं मला जपून लिहावं लागेल, कारण मी त्या घरचं मीठ खाल्लंय आणि अजून खातो.

काकाजींचे चिरंजीव मंगेशभाऊ नागपूरला शिकून आले. त्यांचं म्हणणं होतं, नुसती बिछायत म्हणजे चार महिने धावायचं आणि आठ महिने उंदरांपासून चांदण्या सांभाळायच्या. खरंच होतं ते. पावसाळ्यात आम्ही अर्ध्या पगारावर दोर वळत बसायचो. त्यांनी गावाबाहेर लॉन काढलं, म्हणजे बांधीव स्टेज आणि हिरवळीचं मंगल कार्यालय. लॉन आलं तर जेवण दुसऱ्याचं कशाला, म्हणून केटरिंग काढलं. लॉनमध्ये गट्टू, म्हणजे जमिनीत बसवायचे सिमेंटचे ठोकळे, लागणार होते, ते बाहेरून महाग पडले, म्हणून सिमेंटच्या गट्टूचा कारखानाच टाकला. एकातून एक निघत गेलं. आमचे पगार बारमाही झाले. पीएफ सुरू झाला. माझं हर्नियाचं ऑपरेशन कंपनीच्या कार्डावर झालं, आणि मंगेशभाऊ स्वतः दवाखान्यात येऊन, नर्सला सांगून, माझा पंखा बदलून गेले. हे विसरेन तर देव मला विचारेल.

पण काहीतरी सुटत चाललं होतं, आणि कुठल्या बाजूनं ते कळत नव्हतं.

आधी शब्द बदलले. आधी सगळं सामान आपलं असायचं. मग लॉनचं, केटरिंगचं, गोडाऊनचं असं झालं. लॉनला खुर्च्या लागल्या तर गोडाऊननं त्या लॉनला भाड्यानं द्यायच्या. आपलीच खुर्ची आपल्याच माणसाला भाड्यानं. मी हसलो तर हिशेबाचा मुलगा म्हणाला, "काका, असंच असते. नाहीतर कोणतं युनिट चालून राह्यलं थे कळणार कसं?" त्याचंही बरोबर. मग टी-शर्ट आले. लॉनचे काळे, केटरिंगचे पांढरे, गट्टूचे लाल, आम्हा गोडाऊनवाल्यांचे निळे. पाठीवर काकाजींच्या आईचं नाव आणि पुढं ग्रुप. आधी गोडाऊनच्या ओट्यावर डबे उघडायचे, एकाची भाजी दुसऱ्याच्या भाकरीवर. आता ज्याच्या त्याच्या युनिटात जेवण. नवीन माणूस लागला तर मोबाइलवर त्याचा फोटो यायचा, पण फक्त त्याच्या युनिटच्या ग्रुपवर. रस्त्यात लाल टी-शर्टवाला दिसला तर मी मान हलवायचो, तोही हलवायचा. नाव दोघांनाही माहीत नसायचं.

जुनं दुकान मोडून तिथं काचेचं ऑफिस झालं. पायऱ्या गेल्या, उतार आला, गाड्यांसाठी. दारात गार्ड आणि आत एसी, त्यामुळं काळी काच कायम लावलेली. बाहेर कोण पाठ करून उभं आहे हे आतून कळेना. साध्या सामानासाठी येणारी माणसं हळूहळू कमी झाली. मी मनाला समजावलं, लोकच आता मयत ठेवायला भाड्यानं फ्रीजची पेटी आणतात, आपली बाकं कशाला मागतील.

काकाजींना झटका आला, बोलणं गेलं. मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. भेटायला गेलो की माझा हात धरतात आणि सोडत नाहीत. मी लग्नं मांडत राहिलो, स्वतःचं राहून गेलं. त्यामुळं माझ्यासाठी तो हात म्हणजे काय, ते मीच जाणतो.

गेल्या हिवाळ्यात मंगेशभाऊंनी गोडाऊनची जागा इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूमला घेतली. नवी एजन्सी, पाचवं युनिट. बिछायतीचं बाकी सगळं सामान लॉनच्या मागच्या हॉलमध्ये जाणार होतं. मोबाइलवर त्यांचा निरोप आला, संध्याकाळपर्यंत गोडाऊन मोकळं पाहिजे. मी विचारलं, साधं सामान कुठं ठेवू? उत्तर आलं, जिथं जागा असेल तिथं ठेवा. त्याच्याखाली सगळ्या युनिटच्या लोकांनी अंगठे टाकले.

मी आणि टेम्पोवाला पुंडलिक, आम्ही सकाळीच सामान भरलं. करड्या सतरंज्या, बाकं, ताडपत्री, ड्रम. लोकांना वाटेल जुन्या सामानासाठी कशाला इतका जीव. पण मला तो हिशेब वेगळा दिसत होता. हे सामान गेलं की ती रीत गेली, आणि रीत गेली तर माझ्यासारख्या माणसासाठी उद्या कोण उठून खाली येणार?

आधी लॉनवर गेलो. तिथं श्वेतामॅडम सगळं बघतात, नागपूरच्या आहेत, मला काका म्हणतात. टेम्पोत डोकावल्या आणि त्यांचा चेहरा पडला. "काका, मला स्वतःला काहीच नाही हो. पण कालच एका नवरीच्या आईनं विचारलं, या खुर्च्या आणखी कुठं कुठं जातात. मी शपथ घेऊन सांगितलं, फक्त लग्नात. आता हे त्याच हॉलमध्ये ठेवलं आणि कोणी पाहिलं तर?" साधं वेगळं ठेवायचं, हा नियम आम्हीच पाळत आलो होतो. फक्त तेव्हा वेगळं ठेवायला आपली एक भिंत होती.

मग केटरिंग. तिथले आचारी महाराज जुने, काकाजींच्या हाताखालचे. त्यांच्या वडिलांच्या वेळी हीच बाकं त्यांच्या अंगणात मांडली होती, आणि मांडणारा मी होतो. महाराजांनी बाकावर हात फिरवला. "शंकर, ओळखलं मी हे. पण अन्नाच्या जागी मयतीचं सामान कसं ठेवाचं, तूच सांग बापा." मग नळावर जाऊन हात धुतले, आणि परत येऊन म्हणाले, "हात धुतले म्हणून राग नोको मानू." मी म्हणालो, "धुवायलाच पाहिजेत." त्यांनी आम्हाला पोहे खाऊ घातले.

पुंडलिक गाडी चालवता चालवता म्हणाला, "शंकरभाऊ, सकाळपासून आपणच वरात फिरवून राह्यलो. मयत कोणाची हाये थे तेवढं सांगा."

मला तेच कळत नव्हतं.

शेवटी गट्टूचा कारखाना. सुपरवायझर भला माणूस, पण शेड सिमेंटच्या पोत्यांनी भरलेलं. "उघड्यावर ठेवा म्हणत असाल त ठेवतो, पण पाऊस आला त माहं नाव नोको." मी म्हणालो, निदान आजची रात्र. त्यानं डोकं खाजवलं आणि दोन लोडिंगवाल्यांना हाक मारली, बघा कोपऱ्यात काही सरकवता येतं का.

त्यांतला एक बाकाला हात लावून थांबला. सुखदेव त्याचं नाव, हे मला नंतर कळलं. कारंज्याच्या रस्त्यानं आत जंगलाकडं गोंडांची एक वस्ती आहे, तिथला. लाल टी-शर्ट, केसांवर सिमेंटची राख.

"हे साधं सामान होय का जी?" त्यानं विचारलं.

मी चमकलो. गट्टूच्या माणसाला हा शब्द कसा माहीत? म्हणाला, "आमच्या आजाच्या वक्ती आलं होतं. माहा बाबा घेऊन आला होता, बैलबंडीवर. मांगच्या उन्हाळ्यात माय गेली, तवा मीबी आलो होतो ना घ्याले."

"कुठं आलास?"

"आपल्या आफिसावर. काचेच्या. डुटीवरूनच गेलो, कपडे बदलाले टाइम नाई भेटला. रस्त्यावर उभा राह्यलो, पाठ करून. बाबानं सांगितलं होतं तसं."

"मग?"

"गार्ड आला. चांगला माणूस हाये थो, त्यानं पाणी पाजलं. मले म्हणे, गट्टूचा माल असन त गेट मांगच्या बाजूनं हाये. मी म्हटलं माल नाई. थो म्हणे, मंग सायब बाहेर गेले, उद्या येजो."

आमच्याच पाटीचा टी-शर्ट अंगात होता, म्हणूनच सुखदेव कोणाला दिसला नाही. फाटका सदरा घालून आला असता तर कोणीतरी विचारलं असतं, बाबा कोण तू, काय झालं. कंपनीच्या कपड्यातला माणूस कंपनीच्या दारात उभा असेल तर तो कामालाच आला असणार, दुसरं काय असणार.

"बरं, मग काय केलंत?"

"काय कराचं जी. पळसाच्या फांद्या तोडल्या, बांबूवर टाकल्या. ऊन लय होतं. बुढ्यामाणसाईले जरा तरास झाला. झालं मंग."

"अरे, गार्डला सांगायचं ना. आई गेली म्हणून सांगायचं."

सुखदेव माझ्याकडं नवलानं बघत राहिला. "थे सांगाचं नसते ना जी. उभंच राहाचं असते."

पुंडलिकनं तोंड फिरवलं आणि उगाच टायरला लाथ मारून बघितली.

मग मी जे केलं ते मला कोणी सांगितलं नव्हतं. सुपरवायझरला म्हणालो, याला दोन तास सोडा. सुखदेवला म्हणालो, बस पुढं. आणि मंगेशभाऊंना फोन लावला. नोकरीतून काढतील असं वाटत होतं, या वयात जाणार कुठं. म्हणालो, "भाऊ, सामानाला जागा मिळाली."

"छान. कुठं?"

"सुखदेवच्या गावात. त्यांना देऊन टाकतो. तिकडं उपयोगी पडेल."

"कोण सुखदेव?"

"आपलाच आहे. गट्टूवर." मग मी त्यांना त्या उन्हातलं सगळं सांगितलं. ते गाडीत बसलेले असावेत, मागं हॉर्न वाजत होते.

"कोणीच सांगितलं नाही मला," ते म्हणाले. आवाज एकदम त्यांच्या वडिलांसारखा झाला होता. "शंकरभाऊ, देऊन टाका तुम्ही. पण मग आर्वीत कोणी येऊन उभं राहिलं तर?"

"तेच मी तुम्हाला विचारणार होतो."

"बघतो. काहीतरी करू. त्याच्यासाठी आपण एक वेगळं युनिटच काढू. शववाहिनी, फ्रीज, सगळं. माणूस ठेवू त्याच्यावर."

मी "बरं" म्हणालो. ते मनापासून बोलत होते. काढतीलही. चांगलंच काढतील, चकचकीत गाडी, स्वच्छ कपडे, फोन केला की हजर. मला फक्त एवढंच सांगता आलं नाही, की त्याच्यावर माणूस ठेवला की बाकीच्यांना उठायचं कारण उरणार नाही.

वस्ती रस्त्यापासून आत होती. समाजमंदिराच्या ओट्यावर आम्ही सामान उतरवलं. माणसं जमली, आपसात त्यांच्या भाषेत बोलत होती, मला त्यातलं काही कळत नव्हतं. सुखदेवची मावशी, वाकलेली, पांढऱ्या केसांची, सतरंजीचं टोक चोळून बघत होती. मी नियम सांगितले. भाडं घ्यायचं नाही, मोजून घ्यायचं नाही, लग्नात न्यायचं नाही. ती माझ्यासाठी मराठीत म्हणाली, "लग्नात कोण नेते याले." सगळे हसले, मीही हसलो. त्या दिवसातलं ते पहिलंच हसू.

मग काळा चहा आला. मावशी माझ्यासमोर बसली.

"तुमी कुठचे?"

"चंदगडचा."

"थे कुठी आलं?"

"पुण्याकडे," पुंडलिकनं सांगून टाकलं.

"लय दूर. तिकडे कोन हाये तुमचं?"

"भाऊ होता. आता त्याची मुलं असतील. येणं-जाणं राहिलं नाही."

तिनं मान हलवली. मग जेवून जाता का विचारावं तितक्या सहज विचारलं, "मंग तुमचं काई झालं त कोनाले सांगाचं? सामान त आता आमच्यापाशी हाये. आमाले कळाले नोको का?"

आजवर इतक्या घरी हे सामान नेलं, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "कंपनीत सांगतील."

"कोन्त्या?" तिनं विचारलं.

सुखदेव तिला समजावू लागला, की मोठीमाय, मालक एकच हाये, पण गट्टूची वेगळी, लॉनची वेगळी, जेवणाची वेगळी, आता स्कूटरचीबी होऊन राह्यली. एकेक बोट दुमडत तो सांगत होता. मग थांबला आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "भाऊ, तुमी कोन्त्यात जी? गोडाऊन त आज खाली झालं."

मी खिशातलं कार्ड काढलं. त्यावर गोडाऊनच लिहिलेलं होतं. पुंडलिक गाडी सुरू करून हॉर्न वाजवत होता, त्याला अंधारायच्या आत परतायचं होतं. मी कार्ड उलटं करून मागची बाजू पाहिली, तिथं फक्त हरवल्यास कुठं आणून द्यावं, तो काचेच्या ऑफिसचा पत्ता होता. मावशीनं चहाचा कप बाजूला ठेवला होता, आणि ती उत्तरासाठी थांबली होती.